बिछान्याची सबब

वेस्टमिन्स्टर, राजकचेरी
संत एडमंडच्या सणानंतरचा सोमवार

ती. इडोनियाताईस,
आतेभाऊ जर्व्हास याचा नमस्कार.

बातमी तुमच्या मार्शबीत चर्चच्या घंटेने पोचली असेलच. राजेसाहेब गेले. इतकी वर्षं राज्य केलं की आमच्या कचेरीत दुसऱ्या राजाचं नाव लिहिलेला एकही हात उरलेला नाही. नवे राजे धर्मयुद्धाला गेलेले, समुद्रापलीकडे नक्की कुठे आहेत तेही कुणी सांगत नाही. तरी घाईघाईने त्यांच्या नावाची द्वाही फिरवली. ती फिरेपर्यंत चोराला पकडायचं ते कुणाच्या नावाने, हाच प्रश्न होता.

आता तुझ्या कामाचं सांगतो. आधी खाली बस, मग वाच.

निरोप आला तेव्हा मोठ्या दालनात न्यायाधीश बसले होते. एका वकिलाचं वाक्य अर्धं झालं होतं. न्यायाधीश उठले नि चालू लागले, वकील आ वासून तसाच उभा. ज्याने अधिकार दिला तोच गेला, तर अधिकार कसला? जुन्या राजेसाहेबांच्या नावाने निघालेली, खटला उभा करणारी प्रत्येक राजाज्ञा त्यांच्याबरोबर मेली, ताई. तुझीही.

मामा गेले, तू सासरी होतीस, आणि त्यांचे सावत्र भाऊ सर हॅमो पाणचक्कीत नि कुरणात घुसून बसले. तेव्हापासून तू भांडते आहेस. पहिल्या तारखेला त्यांचा पूल वाहून गेला. दुसऱ्या तारखेला ते वाटेत आजारी पडले. तिसऱ्या वेळी त्यांनी बिछान्याची सबब सांगितली. चार सरदार जाऊन त्यांना अंथरुणात पाहून आले आणि कायद्याने त्यांना वर्षभर पडून राहायची मुभा मिळाली. मुभा म्हणजे बेडीच. कमरेला पट्टा नको, पायात जोडे नकोत, उंबऱ्याबाहेर पाऊल नको. उठलेले सापडले तर जमीन गेली. ते वर्ष अर्ध्यावर आलं होतं आणि राजेसाहेब गेले. आता खटला आहे पण त्याला तारीख नाही.

सगळं कधी सुरळीत होईल देव जाणे. आम्हा कारकुनांना तरी ठेवतील की नाही, तेही ठाऊक नाही. माझे वरिष्ठ मास्टर बर्ट्रम रोज नवा अंगरखा घालून येतात आणि दरवाज्याकडे बघत बसतात. तू धीर धर. तडजोडीचा विचार मनात आणायलाही हरकत नाही.

तुझा
जर्व्हास

*

मार्शबी, संत लुसीचा दिवस

चि. जर्व्हास यास,
इडोनियाचा आशीर्वाद. लेखणी पाद्रीबाबा ऑसबर्ट यांची, बोल माझे. वाचायला मला येतं, पण लिहायला यांचे पाय धरावे लागतात. (धरलेले नाहीत. एक कोंबडी दिली आहे. – ऑसबर्ट)

राजा मेला म्हणून माझ्या बापाची पाणचक्की कशी मेली? चक्की चालू आहे. नवऱ्यामागे मी दिराच्या ओसरीवर राहते, तिथे आवाज येतो तिचा, रोज. राजाच्या आत्म्याला शांती मिळो, पण त्याने मरताना माझा कागद बरोबर का नेला, हे मला कुणी समजावून सांगा.

आणि तुझ्या त्या आजारी माणसाची गोष्ट ऐक. घंटा वाजली, कशासाठी ते गावाला कळलं, आणि सर हॅमो बिछान्यातून टुणकन उठले! त्याच दिवशी घोड्यावर बसून गावभर हिंडले. चार सरदार आले होते तेव्हा याच माणसाने तोंडाला पीठ फासलं होतं, माझ्याच चक्कीतलं, आणि असा काही कण्हत होता की सर इलायस बिचारे डोळे पुसत बाहेर आले. आता बाजारात उभा राहून म्हणतो, "राजाबरोबर खटला गेला नि खटल्याबरोबर माझं दुखणं! नवा खटला आणू दे तिला, मला नवं दुखणं येईल. पहिल्यापासून सुरुवात! पूल, मग वाट, मग बिछाना. तोवर तिचे केस पांढरे होतील." (सर हॅमो असं म्हणाले खरे, पण थट्टेने. मी तिथे होतो. – ऑ.)

हे तिथे होते, बघ. हे सगळीकडेच असतात.

मला एकच सांग. पुन्हा सुरू झालं तर पहिल्यापासून, की थांबलं होतं तिथून? नीट विचारून लिही. आणि तडजोड हा शब्द पुन्हा लिहू नकोस. पाद्रीबाबांना वाचून दाखवायची माझी इच्छा नसली तरी त्यांनी खांद्यावरून वाचला, आणि संध्याकाळी मला दिराने विचारलं, "काय, तडजोड करणार म्हणे?"

तुझी
इडोनियाताई

*

वेस्टमिन्स्टर
संत हिलरीच्या सणाचा आठवडा, नव्या राजांचं पहिलं वर्ष

ती. ताईस नमस्कार.

वर 'पहिलं वर्ष' लिहिताना हात अडखळला. पण आता न्यायाधीश पुन्हा बसू लागलेत, नवा शिक्का आला आहे, जुना आमच्या डोळ्यांदेखत फोडला. म्हातारे कारकून रडले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे पत्र खांद्यावरून कुणाला वाचू देऊ नकोस.

पहिल्यापासून नाही, ताई. नव्या राजांच्या नावाने 'फेरबोलावणं' काढता येतं. ते निघालं आणि त्या जमिनीवर उभं राहून पुकारलं गेलं, की खटला जुने राजेसाहेब गेले त्या दिवशी जिथे होता तिथेच पुन्हा उभा राहतो. मधल्या काळात कुणी श्वासच घेतला नाही असं धरायचं. त्या दिवशी सर हॅमो कायद्याने बिछान्यात होते, म्हणजे पुकारा झाल्या क्षणीही ते बिछान्यात असायला हवेत. आहे की नाही गंमत?

पण ही गंमत कागदापुरती. फेरबोलावण्यावर शिक्का हवा. राज्यभरातून मेलेल्या राजाज्ञांचे ढीग आलेत नि शिक्का एकच. तुझी राजाज्ञा मी लिहून ठेवली. मास्टर बर्ट्रमनी ती उचलली, वाचली आणि ढिगाच्या तळाशी सरकवली. नाताळात त्यांच्या ताटात हरणाचं मांस होतं. ते कुणाच्या रानातलं हे मी विचारलं नाही.

त्यांनी मला बाजूला घेऊन सर हॅमोंचं म्हणणं सांगितलं. तू दावा सोडलास तर तुला मठात खोली मिळेल, रोजचा पाव नि बीअर, हिवाळ्यात सरपण, मरेपर्यंत. वाईट नाही, ताई. दिराच्या ओसरीपेक्षा बरंच. तो शब्द मी लिहिला नाही, पण विचार कर.

जर्व्हास

*

मार्शबी, मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस

चि. जर्व्हास,

खोली नको. पाव नको. बीअर तर नकोच, मठातली पांचट असते. (खरं आहे. – ऑ.)

तू सहा वर्षांचा असताना आमच्या घरी आलास तेव्हा तुझ्या अंगात फक्त एक सदरा होता. माझ्या बाबांनी तुला चक्कीच्या उबेला झोपवलं. तुला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं कुणी? त्यांनीच. ही पाणचक्की त्यांनी स्वतः उभी केली, बंधाऱ्याचा दगडन्‌दगड डोळ्यांपुढे बसवून घेतला, आणि मरताना म्हणाले, "इडोनिया, ही तुझी." त्यावर मी खोली घेऊ? मला चक्की हवी, कुरण हवं, आणि हॅमोकाका तिथून गेलेला हवा. बाकी जगात मला काही नको.

तू घाबरतोस, हे मला कळतं. लहानपणीही हंसांना घाबरायचास. पण तेव्हा निदान ओरडायचास तरी. आता गप्प बसून ढिगाच्या तळाशी बघत राहतोस. त्या ढिगाला हात लाव. तुझ्याशिवाय मला तिथे कुणी नाही, आणि हे मी रागाने नाही, रडत सांगते आहे. (रडत आहेत. मीही थोडा. – ऑ.)

पाद्रीबाबांना सर हॅमोंनी शिकारी कुत्रीचं पिल्लू दिलं आहे. तेही इथे टेबलाखाली बसून माझं ऐकतं आहे.

तुझी
ताई

*

वेस्टमिन्स्टर
लेंटच्या उपासांचा दुसरा आठवडा

ती. ताईस,

हात लावला!

मास्टर बर्ट्रम शिळ्या बाम माशांचं कालवण खाऊन अंथरुणाला लागले (हे खरंखुरं अंथरूण, चार सरदारांची गरज नाही). त्यांच्या जागी ढीग घेऊन चॅन्सलरसाहेबांच्या टेबलाशी जायचं काम माझ्यावर आलं. मी आपल्या लिंकनशायरचा अख्खा गठ्ठा उपसला आणि तळाचं वर आणून ठेवलं. चॅन्सलरसाहेब म्हणाले, "हा गठ्ठा आज नव्हता ना?" मग तुझे हंस आठवले आणि मी म्हणालो, "आज नव्हता, महाराज. दोन महिने नव्हता. म्हणूनच आज आणला." त्यांनी शिक्केवाल्याला बोट केलं. हिरवं मेण तुझ्या राजाज्ञेवर दाबलं गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

बर्ट्रम परत आले, कुणीतरी चुगली केली. मी नेमकं काय वर आणलं हे त्यांना कळलेलं नाही, एवढंच कळलं की न विचारता आणलं. खिडकीजवळची माझी जागा गेली. आता मी शिक्क्याचं मेण वितळवतो. बोटं भाजतात, पण उबदार आहे.

राजाज्ञा तुमच्या जिल्ह्याच्या शेरीफकडे रवाना झाली. ईस्टरनंतर त्याची माणसं कुरणात येऊन पांढरी काठी रोवतील नि पुकारा करतील. तोवर जिवंत माणसाला कळता कामा नये. वास जरी लागला तरी सर हॅमो जाऊन बिछान्यात पडतील. मग त्यांना तिथून कुणी ओढू शकत नाही. ते उरलेलं वर्ष निजून काढतील आणि त्यानंतर नवी युक्ती आणतील.

मी आनंदात आहे, ताई. का ते मलाच कळत नाही.

जर्व्हास

*

मार्शबी
मेरीमातेच्या सणाचा आदला दिवस

चि. जर्व्हास यास आशीर्वाद.

मी खूप विचार केला. रात्रंदिवस चक्कीचा आवाज ऐकून आता जीव विटला. हॅमोकाका झाले तरी वडीलधारेच. बाईमाणसाने किती लढायचं? मठातली खोली मी घेते. ईस्टरनंतर जाऊन बघून येईन. तू आता माझ्यासाठी काही करू नकोस. हे पत्र मास्टर बर्ट्रमना दाखव, म्हणजे त्यांचंही मन शांत होईल.

पाद्रीबाबा म्हणतात, क्षमा हा मोठा गुण आहे. ते बरोबर असतील. (बाईंनी अगदी योग्य निर्णय घेतला. गावात सगळ्यांना बरं वाटलं. – ऑसबर्ट)

तुझी
इडोनिया

*

वेस्टमिन्स्टर, झावळ्यांचा रविवार

ताई,

नमस्कार वगैरे लिहायला हात होत नाही.

तू सांगितलंस म्हणून पत्र बर्ट्रमना दाखवलं. ते इतके हसले की खोकला लागला. "म्हटलं नव्हतं, बाई थकेल!" त्याच दुपारी त्यांनी मार्शबीला जाणाऱ्या लोकरीच्या व्यापाऱ्याबरोबर सर हॅमोंना अभिनंदन धाडलं. मी त्याच खोलीत मेण ढवळत होतो.

मी तुझ्या एका शब्दावर माझी जागा घालवली. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. 'बाईमाणसाने किती लढायचं' हे तू लिहिलंस? आंधळ्या घोडीवर बसून लिंकनच्या जत्रेला एकटी गेलेली तू?

तर ऐक. राजाज्ञा निघाल्याचं मी बर्ट्रमना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ती परतही बोलावणार नाही. शेरीफची माणसं येतील. तू मठात बसून पाव खात असलीस तरी येतील, आणि मामांच्या कुरणात मामांच्या लेकीचं नाव घेऊन पुकारा होईल. तुला नको असेल तर तू घरात कान झाकून बस. मामांनी मलाही त्याच उबेला झोपवलं होतं. तू माघार घे, मी घेत नाही.

जर्व्हास

*

संत रादेगुंड मठ, मार्शबीपासून अर्धा कोस
ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

माझ्या वाघा,

हे अक्षर वेगळं दिसेल. मठातल्या सिस्टर रोहेझ लिहिताहेत. मी खोली पुन्हा बघायला आले आहे ना! खोली छान आहे, मांजराला आवडेल.

तुझं पत्र मिळालं. वाचून दोन दिवस रडले आणि दोन दिवस हसले. जर्व्हास, मागचं पत्र तुझ्यासाठी नव्हतंच. पाद्रीबाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझं काहीही त्यांच्या लेखणीतून उतरलं की संध्याकाळपर्यंत हॅमोकाकाच्या ताटाशी पोचतं. मग मी त्याला हवं तेच लिहवून घेतलं. आणि तुला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात, म्हणून तुलाही खरं कळू दिलं नाही. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तू मला शिव्या देताना जे लिहिलंस ते मात्र मी उशाशी ठेवलं आहे.

आता घडलेलं ऐक.

पुकारा ऐकायला वजनदार साक्षीदार हवे होते. मागच्या वर्षी हॅमोकाकाला बिछान्यात पाहून गेलेले सर इलायस आणि सर वॉरिन, दोघांच्याही दारात मी जाऊन बसले. सर वॉरिन म्हणाले, "बाई, मला वेळ नाही." मी म्हटलं, "मला आहे," आणि बसूनच राहिले. चौथ्या दिवशी त्यांना वेळ मिळाला.

काल सकाळी शेरीफची दोन माणसं, एक कारकून आणि हे दोघे कुरणात आले. हॅमोकाका बंधाऱ्यावरच होता. पायात गुडघ्यापर्यंत जोडे, कमरेला चांदीच्या कडीचा पट्टा, मनगटावर ससाणा. बगळे उठवत होता. चक्कीवर दळणाला आलेली अर्धी मार्शबी उभी होती. पाद्रीबाबाही होते पिल्लासकट. मी मागे, पिठाच्या गोण्यांजवळ.

शेरीफच्या माणसाने पांढरी काठी रोवली. "राजाच्या नावाने..."

"कुठल्या राजाच्या?" हॅमोकाका ओरडला. "मेलेल्या की अजून न पोचलेल्या?" लोक हसले. त्यालाही बरं वाटलं.

सर इलायस पुढे झाले. फार भला माणूस. खरंच काळजीने म्हणाले, "हॅमो, मागे पाहिलं तेव्हा तू मरायला टेकला होतास. आता कसं आहे?"

"ठणठणीत! राजा गेला नि माझी पाठदुखी घेऊन गेला."

"मग चालता येतं तुला?"

"चालता? अहो, पळता येतं!"

तेवढ्यात कारकुनाने वाचायला घेतलं. नाव माझं, नाव त्याचं, चक्की, कुरण. हॅमोकाका माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, तू तर खोली घेतलीस ना?" मी म्हटलं, "बघायला गेले होते, काका. तुम्हाला आवडेल." कारकून पुढे वाचत राहिला, "सदर खटला दिवंगत राजेसाहेबांच्या मृत्यूच्या दिवशी ज्या स्थितीत होता, त्याच स्थितीत या क्षणापासून पुन्हा उभा आहे."

कुणालाच काही कळलं नाही. मग सर वॉरिन, ज्यांना वेळ नव्हता ते, दाढी खाजवत म्हणाले, "त्या दिवशी तर हा बिछान्यात होता."

चक्कीवाल्याची बायको सगळ्यांत आधी हसली. हॅमोकाकाचा चेहरा मागच्या वर्षी पीठ लावून झाला होता तसा झाला, या खेपेला पिठाशिवाय. आणि जर्व्हास, तो पळाला! बंधाऱ्यावरून उडी मारून, चिखलातून, घराच्या दिशेने, ससाणा मनगटावर पंख फडफडवतोय, मागे पाद्रीबाबांचं पिल्लू भुंकत धावतंय. दोघे सरदार धापा टाकत मागून गेले. मीही गेले. खोलीत हॅमोकाका गळ्यापर्यंत पांघरूण ओढून कण्हत पडला होता. पांघरुणाखाली ससाण्याच्या पायातले घुंगरू वाजत होते आणि खालच्या टोकाला चिखलाचे जोडे बाहेर आले होते.

सर इलायसनी पांघरुणाचं टोक उचललं, पट्टा पाहिला, आणि पुन्हा नीट झाकलं. मग ते मला म्हणाले, "बाई, मागच्या वर्षी मी या माणसासाठी रडलो होतो." त्यांना खूप राग आला होता.

दोघेही वेस्टमिन्स्टरला येऊन सांगणार आहेत. तू तिथे उभा राहा. मेण कुणी दुसरा ढवळेल.

तुझी
ताई

(बाई बोलत असताना मी हसले, त्याबद्दल मठप्रमुखांनी मला प्रायश्चित्त दिलं आहे. ते मी आनंदाने घेते. – रोहेझ)

*

वेस्टमिन्स्टर, संत बार्नबसचा दिवस

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

कान लाल होतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मेणाच्या भांड्यात बघून खात्री केली. खरं आहे.

तू जिंकलीस. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, पण आधी कान तपासून घेतले.

दालनात गर्दी होती. दोन्ही सरदार उभे राहिले. हॅमोंचा वकील चांगला होता. तो म्हणाला, "महाराज, राजाबरोबर राजाज्ञा मेली, राजाज्ञेबरोबर सबब मेली, सबबीबरोबर बिछाना मेला. मेलेल्या बिछान्यात माझ्या अशिलाने का झोपावं?" लोकांनी माना डोलावल्या.

मधले न्यायाधीश म्हणाले, "खटला मेला नव्हता, झोपला होता. तो जागा झाला तेव्हा तुमचे अशील कुठे होते?" वकील म्हणाला, "बिछान्यात, महाराज." न्यायाधीशांनी सर वॉरिनकडे पाहिलं. सर वॉरिन म्हणाले, "होते. पळत गेले. जोड्यांसकट झोपले." दालनात असा हशा उठला की बाहेरचे पाववाले आत डोकावले. न्यायाधीशांनी हसू आवरलं आणि निकाल दिला. पाणचक्की नि कुरण इडोनियाचं. तिच्या वारसांचं. कायमचं.

मी तिथेच, सगळ्यांदेखत, रडलो. मामांची आठवण आली.

बर्ट्रमना आता सगळं कळलं आहे. काल म्हणाले, "जर्व्हास, मी इथे आहे तोवर तू मेणच ढवळशील." मी ठरवलं आहे, ताई. हे सोडतो आणि मार्शबीला येतो. चक्कीवर दळण मोजेन, बंधारा बघेन. मला इथे कुणी नाही. गवत कापायच्या आत येतो. मला पुन्हा त्या उबेला झोपू दे.

तुझा
जर्व्हास

*

मार्शबी, पाणचक्कीतून
संत जॉनचा सण

चि. जर्व्हास यास खूप खूप आशीर्वाद. लेखणी सिस्टर रोहेझ यांची.

शेरीफच्या माणसाने ताबा म्हणून माझ्या हातात कुरणातलं मातीचं ढेकूळ दिलं आणि दाराची कडी धरायला लावली. एवढंच. मला वाटलं होतं, मी किंचाळेन. मी आत गेले आणि जात्याच्या दगडावर हात ठेवून उभी राहिले. तो गरम होता. हॅमोकाकाने शेवटच्या क्षणापर्यंत आपलं दळण काढून घेतलं होतं. मग मी खाली बसले नि बाबांना सांगितलं. बाकी तिथे काय झालं ते माझ्यापाशी राहू दे.

हॅमोकाका लेकीकडे गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही. पाद्रीबाबा बोलले, फार गोड बोलले, पण मी त्यांना दळणाचा भाव सोडून काही सांगत नाही.

आता तुझं. येऊ नकोस.

हे लिहवणं सोपं नाही, कारण तुझ्यासाठी जागा आहे, ऊब आहे आणि मी एकटी आहे. संध्याकाळी चक्की थांबली की घर मला खायला उठतं. तरी येऊ नकोस. मला न्याय कायद्याने दिला नाही, रे. कायदा तर तळाशी पडला होता. तो कुणीतरी वर आणला. तू उठून आलास तर त्या खोलीत बर्ट्रम उरेल आणि ढीग उरेल. मेण ढवळ. शिक्का जिथे लागतो तिथेच उभा आहेस, याहून चांगली जागा त्या कचेरीत कुठली आहे?

आणखी एक. थॉर्पची गुन्नोरा माहीत आहे तुला, मेंढ्यांवाल्याची विधवा. तिच्या मुलांची जमीन तिच्या शेजाऱ्याने बळकावली आहे. तिची राजाज्ञाही जुन्या राजांबरोबर मेली. गावात सगळे तिला सांगत होते, सोड आता. मी तिला माझी घोडी दिली, भाकरी बांधून दिली आणि तुझं नाव सांगितलं. परवा निघाली. पुढच्या आठवड्यात तुझ्या दारात उभी राहील.

ती माझ्यासारखी तोंडाळ नाही, समोर माणूस दिसला की गप्प होते. तेव्हा तिला आधी बसायला दे, आणि चॅन्सलरसाहेबांसमोर तूच बोल.

तुझी
इडोनियाताई